कॅमल नदीकाठची वाट

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास कॉर्नवॉल नावाचा परगणा आहे. अटलांटिक महासागरात दूरवर शिरलेल्या भूमीच्या निमुळत्या शेपटासारखा तो नकाशात दिसतो. या परगण्यात बॉडमिन नावाचे एक उजाड माळरान आहे. त्याच्या कडेस उगम पावणारी एक लहानशी नदी प्रथम दक्षिणेकडे वाहते. पुढे बॉडमिन गावाजवळ येताच जणू काही विसरले म्हणून ती वळते आणि वायव्येस जाऊन समुद्राला मिळते. या नदीचे नाव कॅमल.

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना हे नाव ऐकून उंटाची आठवण होईल. परंतु उंटाचा आणि या नदीचा काही संबंध नाही. कॉर्नवॉलमध्ये पूर्वी इंग्रजीहून अगदी निराळी अशी कॉर्निश भाषा बोलली जात असे. त्या भाषेतील 'वाकडी' या अर्थाच्या शब्दावरून नदीला हे नाव मिळाले, असे भाषापंडित सांगतात. आणि नदीचे वळण पाहिले म्हणजे ते पटतेही.

या वाकड्या नदीच्या काठाने आज सुमारे २८ किलोमीटर लांबीची एक वाट जाते. त्या वाटेवर मोटारींना मज्जाव आहे. पायी चालणारे, सायकलस्वार आणि काही भागांत घोडेस्वार, एवढ्यांनीच तिचा उपयोग करावयाचा. आठ-दहा वर्षांची मुले आपल्या लहान सायकलींवरून, मागून येणाऱ्या मोटारीची धास्ती न बाळगता, नदीच्या उगमाकडील रानापासून थेट बंदराच्या गावापर्यंत जाऊ शकतात. कॉर्नवॉलमध्ये ही गोष्ट साधी नाही. तेथील खेड्यांतले रस्ते अतिशय अरुंद. दोन्ही बाजूंना दगडमातीचे उंच गडगे आणि त्यांवर वाढलेली झुडपे. त्यामुळे वळणापलीकडचे काही दिसत नाही. समोरासमोर दोन मोटारी आल्या तर एकीला मागे हटावे लागते. शिवाय चढउतार असे, की धडधाकट माणसानेही सायकलीवरून खाली उतरावे. अशा मुलुखात ही सपाट, निर्धोक वाट कोठून आली? ती सायकलींसाठी कोणी बांधलेलीच नाही. ती बांधली वाळूसाठी.

कॉर्नवॉलमधील पुष्कळशा शेतजमिनीत आम्लाचा अंश अधिक आहे. पाऊसही फार, आणि तो जमिनीतील चुन्याचा अंश सतत धुऊन नेतो. अशा जमिनीत पीक खुरटते. परंतु कॅमल नदीच्या मुखाशी जी वाळू साठते ती निव्वळ दगडांची वाळू नव्हे. असंख्य शिंपल्यांचा लाटांनी केलेला चुरा तिच्यात मिसळलेला असतो, आणि शिंपले म्हणजे चुनाच. ही वाळू शेतात पसरली की जमिनीचा आंबटपणा कमी होतो, हे तेथील शेतकऱ्यांना रसायनशास्त्राचा जन्म होण्यापूर्वीच ठाऊक होते. रिचर्ड कॅर्यू नावाच्या गृहस्थाने १६०२ मध्ये कॉर्नवॉलचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यातही या समुद्रवाळूचा उल्लेख आहे. पुढे थोड्याच वर्षांत तेथील लोकांना किनाऱ्यावरून वाळू नेण्याचा हक्क देणारा कायदाही झाला.

वाळू आयती मिळे. पण ती शेतापर्यंत न्यावयाची कशी? होड्या भरून ती खाडीतून वेडब्रिज गावापर्यंत येई. तेथून पुढे घोड्यांच्या आणि खेचरांच्या पाठीवर पोती लादून डोंगराळ वाटांनी ती न्यावी लागे. एका घोड्याच्या पाठीवर अशी कितीशी वाळू मावणार? आणि एका शेताला तर गाड्याच्या गाड्या वाळू लागे. समुद्रापासून जो जो दूर जावे तो तो वाळू महाग होई, आणि गरीब शेतकऱ्याची जमीन आंबटच राही.

या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी सर विल्यम मोल्सवर्थ या जमीनदाराने पुढाकार घेतला व आसपासच्या मंडळींनी त्याला साथ दिली. १८३४ मध्ये वेडब्रिजपासून बॉडमिनपर्यंत आणि एका फाट्याने वेनफर्डब्रिजपर्यंत लोहमार्ग सुरू झाला. जगात वाफेच्या आगगाड्यांचे युग नुकतेच उजाडले होते. लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांना जोडणारी प्रसिद्ध आगगाडी धावू लागून चारच वर्षे झाली होती. अशा काळी इंग्लंडच्या एका कोपऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या वाळूसाठी वाफेचे इंजिन आले, ही नवलाचीच गोष्ट म्हटली पाहिजे. वेल्समधील नीथ अ‍ॅबी येथील कारखान्यात हे इंजिन तयार झाले. नदीच्या नावावरून त्याचे नाव 'कॅमल' ठेवण्यात आले. दोन वर्षांनी दुसरे इंजिन आले. त्याचे नाव होते 'एलिफंट', म्हणजे हत्ती! उंटाच्या जोडीला हत्ती हवाच, असे कोणाला तरी वाटले असावे. गैरसमजातून की गमतीने, ते कोणास ठाऊक!

गाडी जाताना वाळू नेई, आणि येताना तिचे डबे रिकामे येत नसत. वेनफर्डजवळ डी लँक या ठिकाणी ग्रॅनाइटच्या खाणी आहेत. तेथील कठीण, एकजिनसी दगड मोठ्या बांधकामांना फार उपयोगी. इंग्लिश खाडीतील एडिस्टोन खडकावर १८८२ मध्ये पुरा झालेला आणि आजही उभा असलेला दीपस्तंभ याच खाणींच्या दगडाचा आहे. पुढे माळरानावर चिनी मातीच्या खाणी निघाल्या. ती माती पाण्यात कालवून नळांतून उतारावरून वेनफर्डपर्यंत आणीत, तेथे भट्ट्यांवर वाळवीत आणि आगगाडीने पाठवीत. चहाच्या कपबशा आणि उत्तम गुळगुळीत कागद तयार करण्यास ही माती लागते.

एवढी जुनी ही आगगाडी. पण उरलेल्या देशाच्या लोहमार्गांशी तिची गाठ पडावयास १८८८ साल उजाडावे लागले. चोपन्न वर्षे ती एकटीच आपल्या दरीत वरखाली करीत होती. नंतर मात्र गोष्टी वेगाने घडल्या. १८९५ मध्ये दुसरा एक मार्ग वेडब्रिजला येऊन मिळाला आणि १८९९ मध्ये खाडीच्या काठाने रूळ थेट पॅडस्टो बंदरापर्यंत गेले. पॅडस्टो हे कोळ्यांचे गाव. तेथे पहाटे उतरलेली मासळी आता लंडनच्या बाजारात ताजी पोहोचू लागली. १९२६ पासून 'अटलांटिक कोस्ट एक्स्प्रेस' या नावाची गाडी लंडनच्या वॉटर्लू स्थानकाहून सुटून येथवर येई. हे अंतर सुमारे ४१५ किलोमीटरांचे. उन्हाळ्याच्या सुटीत शहरातील कितीतरी कुटुंबे तिने समुद्रावर येत. पुढे इंग्लंडचे राजकवी झालेले जॉन बेत्जमन हेही लहानपणी आगगाडीनेच या भागात सुटी घालविण्यास येत. वेडब्रिजहून पॅडस्टोकडे जाणाऱ्या खाडीकाठच्या प्रवासावर त्यांचे विलक्षण प्रेम होते. लंडनची धूळ मागे टाकून आलेल्या त्या मुलाला खिडकीतून प्रथम खाडीचे चमकणारे पाणी दिसले असेल, तेव्हा काय वाटले असेल, याची कल्पना कोणीही करावी.

परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या. माल मोटारींतून जाऊ लागला, सुटीस येणारी कुटुंबेही स्वतःच्या मोटारीने येऊ लागली. आगगाडीचे डबे निम्मे रिकामे धावू लागले. शेतकऱ्यांना कारखान्यांतील खते व चुना मिळू लागल्यामुळे वाळूचेही महत्त्व ओसरले होते. डॉक्टर बीचिंग या अधिकाऱ्याने १९६३ मध्ये ब्रिटिश रेल्वेविषयी एक अहवाल सादर केला आणि तोट्यात चालणारे हजारो मैलांचे मार्ग बंद करावेत, अशी शिफारस केली. हिशेबाच्या दृष्टीने त्यात चूक काढणे कठीण होते; पण ज्या गावचे स्थानक बंद होते त्या गावाला केवळ हिशेब पुरत नाही. १९६४ मध्ये लंडनची एक्स्प्रेस थांबली. जानेवारी १९६७ मध्ये पॅडस्टोहून उतारूंची शेवटची गाडी सुटली. मालगाड्या मात्र वेडब्रिजपर्यंत १९७८ पर्यंत आणि वेनफर्डच्या चिनी मातीसाठी १९८३ पर्यंत चालल्या. मग त्याही थांबल्या. वाळूसाठी सुरू झालेला तो मार्ग जवळजवळ दीडशे वर्षांनी निःशब्द झाला.

बंद पडलेल्या लोहमार्गाचे काय होते, हे पाहण्यासारखे असते. प्रथम रूळ उखडून भंगारात विकतात. मग खडीवर काटेरी झुडपे वाढतात. पूल गंजतात. कोणी शेतकरी लगतची पट्टी आपल्या कुंपणात घेतो, कोणी तिच्यावर घर बांधतो. आणि एकदा का अशी लांब पट्टी मधोमध तुटली, की ती पुन्हा जोडणे फार कठीण. ब्रिटनमध्ये असे कितीतरी मार्ग तुकडे तुकडे होऊन नाहीसे झाले. कॅमल नदीच्या दरीतही तेच झाले असते. परंतु तेथील लोकप्रतिनिधींच्या परिषदांनी वेळीच ही जमीन ताब्यात घेतली. १९८० च्या सुमारास वेडब्रिज ते पॅडस्टो हा खाडीकाठचा तुकडा लोकांना खुला झाला, आणि मालगाड्या थांबल्यावर वरचा भागही त्यास जोडला गेला. ज्या काळात सर्वत्र नवे नवे मोटाररस्ते बांधण्याची घाई चालली होती, त्या काळात ही पट्टी पायांसाठी आणि पायट्यांसाठी राखून ठेवण्याचे कोणाला तरी सुचले, हे विशेष.

आगगाडीची वाट सायकलीला इतकी मानवते याचे कारण सोपे आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाक सहज फिरते, पण चढावर ते तितकेच सहज घसरते. म्हणून लोहमार्ग बांधणारे चढ टाळतात. टेकडी आली की ती कापून काढतात, खोलगट भाग आला की भराव घालतात, आणि नदीच्या काठाकाठाने जावयास मिळाले तर त्याहून उत्तम. वाफेच्या इंजिनाचे हे दौर्बल्य पुढे दुसऱ्याच कोणाच्या तरी कामी यावयाचे होते. हजारो मजुरांनी कुदळ-फावड्यांनी सपाट केलेल्या त्या जमिनीवर आज लहान मूल दमल्याशिवाय सायकल चालविते.

ही वाट वरून खाली पाहत जावे. वेनफर्डजवळ प्रारंभ केला, तर प्रथम दाट झाडी लागते. नदी येथे अरुंद, स्वच्छ आणि खळाळती. या मार्गाची वळणे इतकी तीव्र होती की मोठी इंजिने येथे चालत नसत. म्हणून १८७४-७५ मध्ये बांधलेली तीन चिमुकली इंजिने १९६२ पर्यंत येथे राबत राहिली. त्यांच्या जातीची बाकीची इंजिने केव्हाच मोडीत निघाली होती. पेनकॅरोच्या रानात एका ओढ्याचे पाणी टाकीत साठविलेले असे. तेथे थांबून ती आपली तहान भागवीत. आपल्या नातवंडांएवढ्या इंजिनांनाही निवृत्त होताना पाहिलेल्या त्या तिघींपैकी दोघी आज जतन करून ठेवलेल्या आहेत. हेलंडब्रिज येथे मध्ययुगीन दगडी पूल लागतो. या वरच्या भागात वर्दळ थोडी. उन्हाळ्यातही येथे पाखरांचा आवाज ऐकू येतो.

बॉडमिनजवळ वाट वळते. येथे बॉस्कार्न या ठिकाणी एक मौज पाहावयास मिळते. वाटेच्या अगदी शेजारी एक छोटे स्थानक आहे आणि तेथे अजूनही वाफेची आगगाडी येते. आगगाड्यांचे प्रेमी असलेल्या लोकांनी बॉडमिनचा जुना मार्ग हौसेने चालू ठेवला आहे. ही गाडी पुन्हा वेडब्रिजपर्यंत न्यावी अशी त्यांची इच्छा आहे. परंतु जुन्या रुळांच्या जागी आता सायकली धावतात. रूळ परत आले, तर वाटेचे काय? उंटाला तंबूत जागा दिली तर अरब बाहेर, असे व्हावयाचे नाही ना, अशी शंका सायकलस्वारांस वाटते. दोन्ही बाजूंची माणसे या दरीवर सारखेच प्रेम करणारी आहेत, म्हणून तर हा प्रश्न अवघड.

पुढे नॅनस्टॅलन आणि ग्रॉगली ही जुनी थांबण्याची ठिकाणे लागतात. कधी ओळीने लावलेल्या द्राक्षवेली दिसतात, तर कधी ओलसर कुरणे. हळूहळू नदी रुंदावते, तिच्या काठाचा चिखल दिसू लागतो, आणि समुद्र अद्याप कितीतरी दूर असूनही भरतीचे पाणी येथवर आलेले आढळते.

मग वेडब्रिज. या गावात ही वाट काही अंतर नाहीशी होते. जुन्या स्थानकाच्या आवारापलीकडे गाव वाढलेले आहे, त्यामुळे सायकलस्वारांना थोडा वेळ गावातील रस्त्यांवरून, मोटारींच्या संगतीने जावे लागते. बावीस-तेवीस कोसांची नव्हे, केवळ काही शेकडा पावलांची ही गोष्ट. पण लहान मुलांना घेऊन आलेली आई येथे उतरते, मुलांनाही उतरविते आणि सायकली हातात धरून चालू लागते. साखळीची एखादी कडी अशक्त असली, तर बाकीच्या कड्या कितीही बळकट असून भागत नाही, हे या ठिकाणी चटकन ध्यानात येते. जुन्या स्थानकाच्या इमारतीत आता वृद्धांसाठी एक केंद्र चालते. त्याला कवी बेत्जमन यांचे नाव दिलेले आहे.

वेडब्रिजचा जुना पूलही पाहण्याजोगा आहे. पूर्वी येथे नदी उताराने ओलांडीत. पाण्याला ओढ फार; माणसे आणि जनावरे वाहून जात. दोन्ही तीरांवर प्रार्थनामंदिरे होती. अलीकडे सुखरूप जाऊ दे म्हणून विनवावयाचे आणि पलीकडे पोहोचल्यावर आभार मानावयाचे! टॉमस लव्हिबाँड नावाच्या धर्मोपदेशकाला लोकांचे हे हाल पाहवेनात. त्याच्या खटपटीने १४६८ च्या सुमारास दगडी पूल उभा राहिला. तळाशी नुसती वाळू असल्याने खांब टिकत नव्हते, म्हणून त्याने लोकरीच्या गठ्ठ्यांवर पाया घातला, अशी कथा आहे. लोकरीच्या व्यापाऱ्यांनी पैसा पुरविला, एवढाच तिचा अर्थ असावा, असे जाणते म्हणतात.

वेडब्रिजपासून पॅडस्टोपर्यंतचे सुमारे नऊ किलोमीटर सर्वांच्या अधिक आवडीचे. गाव सोडले की डोक्यावरून हमरस्त्याचा उंच पूल जातो. वर मोटारींचा घोंघाट, खाली सायकलींची घंटी. त्यानंतर उजव्या हाताला खाडी उघडते. भरतीच्या वेळी पाणी वाटेच्या दगडी कडेस येऊन टेकते. ओहोटीला तीच खाडी वाळूचे आणि चिखलाचे रुंद मैदान होते, आणि कुरल आपली लांब वाकडी चोच खुपसून किडे शोधीत हिंडतात. पांढरेशुभ्र बगळेही पुष्कळ. डाव्या बाजूस टेकडीच्या कुशीत जुन्या खाणी लागतात. त्यांतून पाटीचा दगड काढीत. टाकून दिलेल्या काळसर खापांचे ढीग अजून तसेच पडलेले आहेत. ज्या दगडावर कितीएक पिढ्यांतील मुलांनी धुळाक्षरे गिरविली, त्याच जातीचा हा दगड.

पॅडस्टो जवळ येता येता एका उपखाडीवर तीन गाळ्यांचा लोखंडी पूल लागतो. त्यावर उभे राहिले की नदीचे मुख दृष्टीस पडते. तेथे 'डूम बार' नावाची वाळूची प्रचंड दांडी पाण्याखाली दडलेली आहे. शेतकऱ्यांना जिने जीवन दिले तीच ही वाळू. परंतु खलाशांचा तिने कर्दनकाळ म्हणून लौकिक मिळविला. वादळातून आश्रयास येणारी शेकडो जहाजे तिच्यावर फुटली. पलीकडच्या तीरावर टेकडीआड सेंट एनोडॉकचे लहानसे देऊळ आहे. वाऱ्याने उडालेल्या वाळूखाली ते शेकडो वर्षे गाडले गेले होते. देवळाचा हक्क बुडू नये म्हणून धर्मोपदेशक वर्षातून एकदा छपरातून आत उतरून प्रार्थना करी, असे सांगतात. १८६४ मध्ये वाळू उपसून ते मोकळे करण्यात आले. जॉन बेत्जमन यांना १९८४ मध्ये याच देवळाच्या अंगणात मूठमाती देण्यात आली.

या वाटेची कीर्ती आता दूरवर पसरली आहे. दर वर्षी लाखो लोक येथे येतात, आणि कीर्तीबरोबर कटकटीही आल्या. भर उन्हाळ्यात खाडीकाठच्या भागात इतकी दाटी होते की वेगाने जाणारा सायकलस्वार, रमतगमत चालणारी आजी आणि दोरीला बांधलेले कुत्रे यांची एकाच वळणावर गाठ पडते. ज्याच्या हाती अधिक वेग, त्याने अधिक सांभाळून जावे, हा येथील शिरस्ता. पण तो सर्वच पाळतात असे नाही. मोटारीने पादचाऱ्याशी जसे वागू नये असे सायकलस्वार म्हणतो, तसेच स्वतः येथे वागताना तो कधी कधी दिसतो. आणखी एक विसंगती आहे. मोटारी नसलेल्या या वाटेवर येण्यासाठी बहुतेक लोक मोटारीनेच येतात! आगगाडी तर केव्हाच बंद झाली. वेडब्रिजच्या कडेला मोटारींच्या रांगा लागतात. तेथून भाड्याने सायकली घेऊन माणसे त्या वाटेवर पाऊल टाकतात. आगगाडी असती, तर ही वाट नसती. आणि वाट आहे, तर तिच्यापर्यंत येण्यास आगगाडी नाही.

पॅडस्टोत ही वाट बंदराच्या धक्क्याजवळ, जुन्या स्थानकापाशी संपते. रूळ येथेच संपत. वॉटर्लूहून आलेली गाडी येथे उभी राही आणि समोर पाणी असे. आता तेथे मुले सायकली टेकवून धक्क्यावर बसतात, मासेमारीच्या होड्या पाहत खाऊ खातात, आणि समुद्रपक्षी तो खाऊ पळविण्याची संधी शोधीत वर घिरट्या घालतात. दुपार कलली की मुले पुन्हा स्वार होतात. वारा पश्चिमेचा असला, तर वेडब्रिजपर्यंतचे नऊ किलोमीटर तो त्यांना पाठीवर हात ठेवून नेतो.